बूट होताना कर्नलला मेमरी नोड नीट दिसत नाहीत? मग हे क्रमाने करून बघा

दोन सॉकेटचं (म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेलं) मशीन आहे, रॅम पूर्ण दिसतेय, सगळं व्यवस्थित चालतंय, पण 'न्यूमासीटीएल --हार्डवेअर' मारलं की एकच नोड दिसतो. असं झालं की नवीन माणूस लगेच कर्नल बदलतो, नाहीतर दुसरा डिस्ट्रो टाकून बघतो, आणि तिकडेही तेच दिसलं की डोकं धरून बसतो. म्हणून आधी नोडची माहिती कुठल्या टप्प्यावर हरवली ते शोधायचं आणि मगच कशाला हात लावायचा. बहुतेक वेळा उत्तर बूट लॉगमध्येच लिहिलेलं असतं, फक्त आपण चुकीची ओळ वाचत असतो.

(कमांड आणि लॉगच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाईप करा. उदाहरणं लिनक्स आणि ६४ बिट एक्स८६ ची आहेत, एआरएमचं खाली वेगळं दिलंय.)

आधी थोडं बॅकग्राउंड

प्रत्येक सॉकेटला स्वतःचे मेमरी चॅनल असतात. आपल्या सॉकेटची रॅम जवळची, दुसऱ्याची लांबची, कारण तिथे जायला मधली लिंक ओलांडावी लागते. याला न्यूमा म्हणतात, आणि एका सॉकेटचे सीपीयू अधिक त्याची रॅम मिळून झाला एक नोड. कर्नलला नोड माहीत असतील तर तो प्रोसेसला जवळची रॅम देतो, माहीत नसतील तर जिथे मोकळी सापडेल तिथली देतो. मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, नुसतं हळू चालतं, आणि कधी हळू कधी फास्ट असं चालतं, म्हणूनच हा प्रॉब्लेम महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता महत्त्वाचं म्हणजे कर्नल स्वतः जाऊन नोड शोधत नाही, त्याला फर्मवेअर (म्हणजे बायोस किंवा यूईएफआय) सांगतं. एसीपीआयच्या टेबलांमध्ये (फर्मवेअर यांतूनच कर्नलला हार्डवेअरची माहिती देतं) एसआरएटी नावाचं एक टेबल असतं (बोलताना सगळे स्रॅट म्हणतात), त्यात कुठला सीपीयू कुठल्या डोमेनमध्ये (फर्मवेअर नोडला डोमेन म्हणतं) आणि पत्त्यांची कुठली रेंज कुठल्या डोमेनमध्ये याच्या नोंदी असतात. दुसरं टेबल एसएलआयटी, म्हणजे स्लिट, त्यात नोडमधली अंतरं असतात. स्वतःपासून स्वतःचं अंतर १०, दुसऱ्याचं त्याहून जास्त. कर्नल हे टेबल वाचतो, डोमेनला स्वतःचे नोड नंबर देतो, मग हे सगळं खरं वाटतंय का ते तपासतो, आणि पटलं नाही तर सगळंच्या सगळं फेकून देऊन पूर्ण रॅमचा एकच खोटा नोड बनवतो.

म्हणजे जागा तीनच: फर्मवेअरने टेबल दिलंच नाही, टेबल दिलं पण कर्नलने वाचलं नाही, किंवा वाचलं आणि नाकारलं.

पायरी १: लॉग काढा आणि वरून खाली वाचा

'डीमेसेज' (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) चा आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि त्यात स्रॅट, न्यूमा, पीएक्सएम (म्हणजे डोमेनचा नंबर), नोड हे शब्द शोधा. मशीन बरेच दिवस चालू असेल तर बफरमधला सुरुवातीचा भाग पुसला गेलेला असतो, अशा वेळी 'जर्नलसीटीएल -के -बी' वापरा.

सगळं नीट असेल तर आधी 'स्रॅट: पीएक्सएम ० -> एपिक ... -> नोड ०' अशा सीपीयूच्या ओळी येतात (इथला एपिक म्हणजे सीपीयूचा आयडी), मग 'एसीपीआय: स्रॅट: नोड ० पीएक्सएम ०' आणि पुढे कंसात मेमरीची रेंज, मग 'नोड_डेटा(०) अलोकेटेड', आणि शेवटी 'अर्ली मेमरी नोड रेंजेस' च्या खाली पूर्ण यादी.

बिघडलेलं असेल तर 'नो न्यूमा कॉन्फिगरेशन फाउंड' आणि लगेच खाली 'फेकिंग अ नोड अ‍ॅट' ही जोडी दिसते. इथेच लोक फसतात. ती ओळ वाचून वाटतं की फर्मवेअरने काही दिलंच नाही, पण कर्नलचा क्रम असा आहे की तो आधी एसीपीआयचा रस्ता बघतो, मग जुन्या ऑप्टेरॉनसाठी असलेला एएमडीचा रस्ता बघतो, आणि दोन्ही फेल गेले की खोटा नोड बनवणाऱ्या फंक्शनमध्ये येऊन ही ओळ छापतो. म्हणजे टेबल होतं आणि नाकारलं तरी शेवटी हीच ओळ येणार. खरं कारण तिच्या वरच्या दहा-वीस ओळींत असतं. मी तर ही ओळ दिसली की तिथूनच वर स्क्रोल करायला सुरुवात करतो.

'न्यूमा टर्न्ड ऑफ' अशी ओळ असेल तर प्रश्नच मिटला, कुणीतरी बूट लाइनवर 'न्यूमा=ऑफ' टाकून ठेवलंय. '/प्रॉक/सीएमडीलाइन' बघा. कुठल्यातरी डेटाबेसच्या ट्युनिंग गाइडमधून हे येतं आणि मग वर्षानुवर्षं ग्रबच्या (बूटलोडरच्या) सेटिंगमध्ये पडून राहतं. 'न्यूमा=नोएसीपीआय', 'एसीपीआय=ऑफ' यांचाही परिणाम तोच. 'मेम=' असेल तर रॅमच कापली जाते आणि वरच्या पत्त्यांवरचा नोड रिकामा होऊ शकतो.

पायरी २: टेबल आहे का ते बघा

'/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/टेबल्स' या फोल्डरमध्ये एसआरएटी नावाची फाइल आहे का बघा (वाचायला रूट लागेल). फाइलच नसेल तर कर्नलचा काही दोष नाही, बायोसमध्ये जा.

बायोसमध्ये सगळ्यात आधी 'नोड इंटरलीव्हिंग' शोधा. हे ऑन असेल तर फर्मवेअर दोन्ही सॉकेटची रॅम पट्ट्यापट्ट्यांनी एकत्र करून एकसंध दाखवतं आणि मग नोड वेगळे सांगण्यात अर्थच उरत नाही. हे ऑफ करायचं. नावाने गोंधळ होतो, कारण 'चॅनल इंटरलीव्हिंग' ही वेगळी गोष्ट आहे, ती एका सॉकेटच्या आतली आहे, तिला हात लावू नका. एएमडी एपिक असेल तर 'नोड्स पर सॉकेट' म्हणजे एनपीएस बघा. एनपीएस१ म्हणजे सॉकेटला एक नोड, एनपीएस२ आणि एनपीएस४ म्हणजे दोन आणि चार, आणि एनपीएस० म्हणजे दोन्ही सॉकेट मिळून एकच. इंटेलवर याच जातीचं सेटिंग 'सब न्यूमा क्लस्टरिंग' नावाने असतं. त्यामुळे दोनऐवजी चार किंवा आठ नोड दिसले तर घाबरू नका, ते बहुतेक यातलंच काहीतरी ऑन आहे.

व्हर्च्युअल मशीन असेल तर बऱ्याचदा हायपरव्हायजरने (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) एकच नोड दाखवायचं ठरवलेलं असतं, तिथे तो खोटा नोड हेच बरोबर उत्तर आहे. गेस्टमध्ये उगाच शोधत बसू नका, होस्टची सेटिंग बघा.

पायरी ३: नोड आहे पण मेमरी शून्य

दोन नोड दिसतात पण एकाची साइज ० एमबी, लॉगमध्ये 'इनिटमेम सेटअप नोड १ अ‍ॅज मेमरीलेस' अशी ओळ. हा बग आहे असं समजून लोक बरंच खोदतात. आधी 'डीएमआयडीकोड -टी १७' मारा, प्रत्येक स्लॉटचं नाव आणि साइज येईल. दुसऱ्या सॉकेटच्या सगळ्या स्लॉटपुढे 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड' दिसलं तर सगळ्या रॅमच्या काड्या एकाच सॉकेटला लावल्यात, झालं. मशीन उघडून बोर्डाच्या मॅन्युअलप्रमाणे वाटून लावा. काडी लावलेली असूनही दिसत नसेल तर काडी किंवा स्लॉट खराब आहे, किंवा फर्मवेअरने ट्रेनिंगमध्ये (बूटच्या वेळी रॅम जुळवून तपासताना) ती बाद केलीय.

उलटं पण असतं, मेमरी आहे आणि सीपीयू नाही असा नोड. सीएक्सएल मेमरी (सीपीयूच्या रॅम स्लॉटऐवजी वेगळ्या लिंकवरून जोडलेली जादा मेमरी) लावलेली असेल तर असाच दिसतो, ते नॉर्मल आहे.

पायरी ४: टेबल आहे, पण कर्नलने नाकारलं

इथे जरा वेळ द्या, खरी मजा इथेच आहे.

कर्नल दोन गोष्टी कडक तपासतो. एक, दोन वेगळ्या नोडच्या रेंज एकमेकांवर चढत नाहीत ना. चढत असतील तर 'नोड ० ... ओव्हरलॅप्स विथ नोड १' असं येतं आणि विषय संपला. दोन, नोडच्या रेंजमध्ये सगळी रॅम येते का. फर्मवेअरच्या मेमरी मॅपप्रमाणे (ई८२० म्हणतात तो) जेवढी रॅम आहे तेवढी नोडांच्या बेरजेत आली पाहिजे, १ एमबी किंवा त्याहून जास्त कमी पडली की पूर्ण टेबल बाद. जुन्या कर्नलमध्ये 'नोड्स ओन्ली कव्हर इतके एमबी ऑफ युअर इतके एमबी ई८२० रॅम. नॉट यूज्ड' अशी ओळ येते, नव्यात 'नो नोड्स कव्हरेज फॉर इतके एमबी' अशी.

एक उदाहरण आकड्यांसकट बघू. ६४ जीबी रॅम, प्रत्येक सॉकेटला ३२. पीसीआय डिव्हाइसेससाठी २ ते ४ जीबी हा पत्त्यांचा पट्टा रिकामा ठेवलेला असतो, तिथली २ जीबी रॅम वर सरकते. म्हणजे बरोबर टेबल असं दिसायला हवं: नोड ० ला ० ते ६४० केबी, १ एमबी ते २ जीबी आणि ४ ते ३४ जीबी, नोड १ ला ३४ ते ६६ जीबी. समजा फर्मवेअर लिहिणाऱ्याने तो वर सरकलेला भाग धरलाच नाही आणि नोड ० ची शेवटची रेंज ४ ते ३२ जीबी अशीच लिहिली. मग ३२ ते ३४ हा २ जीबीचा तुकडा कुणाच्याच मालकीचा राहत नाही. लॉगमध्ये साधारण ६५५३६ पैकी ६३४८८ एमबीच झाकली असं येणार (प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी असतील, फर्मवेअर स्वतःसाठी काही भाग राखून ठेवतं), आणि एवढ्या एका चुकीपायी दोन्ही नोड जाणार.

म्हणून कागद घ्या आणि लॉगमधल्या ई८२० च्या 'यूजेबल' रेंज एका बाजूला, स्रॅटच्या रेंज दुसऱ्या बाजूला लिहून काढा. हेक्समध्ये ४ जीबी म्हणजे १ वर आठ शून्यं, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे आकडे नुसते बघून कळतात. कुठे फट आहे किंवा कुठे रेंज एकमेकांवर चढल्यात ते पाच मिनिटांत दिसतं.

स्लिट खराब असेल तर एवढं नुकसान होत नाही. 'स्लिट टेबल लुक्स इनव्हॅलिड. नॉट यूज्ड' असं येतं, नोड राहतात, फक्त अंतरं डिफॉल्ट १० आणि २० धरली जातात.

अजून एक, जुन्या कर्नलमध्ये ४ एमबीपेक्षा कमी मेमरीचा नोड मोजतच नसत. प्रत्यक्ष मशीनवर असं क्वचित होतं, पण व्हीएममध्ये छोटे छोटे नोड बनवून टेस्ट करणाऱ्यांना हे नडतं.

पायरी ५: टेबल दुरुस्त करणं

खरा उपाय म्हणजे बायोस अपडेट. आधी ते करा, आणि अपडेट नसेल तर बोर्डाच्या सपोर्टला 'एसीपीआयडम्प' चा पूर्ण आउटपुट आणि बूट लॉग पाठवा, नुसतं 'न्यूमा चालत नाही' असं लिहून काही होत नाही. पण तोपर्यंत मशीन वापरायचं असेल तर दुरुस्त केलेलं टेबल कर्नलला इनिटआरडीमधून (बूट होताना कर्नलबरोबर लोड होणाऱ्या फाइलमधून) देता येतं. त्यासाठी कर्नलमध्ये 'कॉन्फिग_एसीपीआय_टेबल_अपग्रेड' ऑन लागतं, '/बूट' मधल्या कॉन्फिग फाइलमध्ये बघून घ्या.

एसीपीआयसीए टूल्स हे पॅकेज टाका. मग पायरी २ मधली एसआरएटी फाइल 'स्रॅट.डॅट' नावाने कॉपी करा आणि 'आयएएसएल -डी स्रॅट.डॅट' मारा. 'स्रॅट.डीएसएल' अशी वाचता येणारी फाइल मिळेल. त्यात मेमरी अ‍ॅफिनिटीच्या नोंदी शोधा. प्रत्येकीत प्रॉक्सिमिटी डोमेन, बेस अ‍ॅड्रेस, अ‍ॅड्रेस लेंग्थ आणि खाली फ्लॅग. एनेबल्ड ० असलेल्या, लांबी शून्य असलेल्या भरपूर नोंदी दिसतील, त्या भरताड आहेत, सोडून द्या.

वरच्या उदाहरणात बिघडलेली नोंद म्हणजे बेस ०००००००१०००००००० आणि लेंग्थ ०००००००७००००००००, म्हणजे २८ जीबी. ती ३० जीबी हवी, म्हणून लेंग्थ ०००००००७८००००००० करा. एवढाच बदल. लक्षात ठेवा, इथे लांबी लिहायची असते, शेवटचा पत्ता नाही, आणि नवीन लोकांचा अर्धा वेळ याच गल्लतीत जातो.

मग वर हेडरमध्ये 'ओईएम रिव्हिजन' चा आकडा एकने वाढवा. हे विसरलात तर कर्नलला तुमचं टेबल मूळ टेबलापेक्षा नवीन वाटणार नाही आणि तो ते उचलणार नाही. ओईएम आयडी मात्र आहे तसाच ठेवा. 'आयएएसएल स्रॅट.डीएसएल' मारून परत कंपाइल करा, चेकसम ते स्वतः काढतं, 'स्रॅट.एएमएल' मिळेल.

आता 'कर्नल/फर्मवेअर/एसीपीआय' असं फोल्डर बनवून त्यात ही फाइल ठेवा आणि 'सीपीआयओ' ने न्यूसी फॉरमॅटमध्ये अर्काइव्ह बनवा. हे अर्काइव्ह कॉम्प्रेस करायचं नाही आणि ते इनिटआरडीच्या सगळ्यात पुढे यायला हवं, म्हणजे आधी तुमचं अर्काइव्ह आणि त्याच्या मागे जुनी इनिटआरडी चिकटवायची. ही जोडलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा, मूळ इनिटआरडीवर लिहू नका, आणि ग्रबमध्ये तिच्यासाठी वेगळी एंट्री करा, म्हणजे मशीन उठलं नाही तर जुन्या एंट्रीने परत येता येईल. ड्रॅकट (इनिटआरडी बनवणारं टूल) वापरणाऱ्या डिस्ट्रोमध्ये यासाठी तयार ऑप्शन आहे, तिथे हे हाताने करायची गरज नाही.

बूट झाल्यावर लॉगमध्ये 'स्रॅट एसीपीआय टेबल फाउंड इन इनिटआरडी' अशी ओळ दिसली पाहिजे. ती दिसलीच नाही तर अर्काइव्हचा क्रम किंवा फोल्डरचं नाव चुकलंय. 'कर्नल इज लॉक्ड डाउन, इग्नोरिंग टेबल ओव्हरराइड' दिसलं तर बहुतेक सिक्युअर बूट ऑन आहे आणि त्यामुळे लॉकडाउन (कर्नलमध्ये असे बदल करायला बंदी) लागलाय. आणि हो, असं टेबल बदललं की कर्नलवर 'ए' हा टेंट (काहीतरी बदललंय अशी खूण) लागतो, त्यामुळे नंतर कुठला वेगळा बग रिपोर्ट केलात तर पहिला प्रश्न याच्यावरच येणार.

पायरी ६: कर्नलने वाचलंच नाही

हे फक्त स्वतः कर्नल बिल्ड करणाऱ्यांसाठी, डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये सहसा नसतं. कॉन्फिगमध्ये न्यूमा, एसीपीआय_न्यूमा आणि एक्स८६_६४_एसीपीआय_न्यूमा ऑन हवेत. नोड्स_शिफ्ट बघा, ६ असेल तर जास्तीत जास्त ६४ नोड, कमी पडलं तर 'टू मेनी प्रॉक्सिमिटी डोमेन्स' येतं. कोड वाचायचा असेल तर टेबल वाचणारा भाग 'ड्रायव्हर्स/एसीपीआय/न्यूमा/स्रॅट.सी' मध्ये आहे आणि तपासणीचा भाग 'आर्च/एक्स८६/एमएम/न्यूमा.सी' मध्ये, ६.१२ पासून त्यातला बराचसा 'एमएम/न्यूमा_मेमब्लॉक्स.सी' मध्ये हलवलाय.

एआरएम बोर्ड असेल तर

एसीपीआय असलेल्या एआरएम सर्व्हरवर वरचं बरंचसं लागू होतं. डिव्हाइस ट्री (बूटलोडरने कर्नलला दिलेलं हार्डवेअरचं वर्णन) असेल तर माहिती तिथल्या मेमरी नोडमधून येते (इथे नोड म्हणजे ट्रीमधली नोंद, न्यूमाचा नोड नव्हे). त्यात 'डिव्हाइस_टाइप' ची व्हॅल्यू 'मेमरी' हवी, नुसतं नोडचं नाव मेमरी असून भागत नाही, कर्नल ही प्रॉपर्टीच बघतो. 'रेग' मधले आकडे वरच्या 'अ‍ॅड्रेस-सेल्स' आणि 'साइझ-सेल्स' प्रमाणे वाचले जातात, दोन्ही २ असतील तर पत्त्याचे दोन आणि साइजचे दोन असे चार आकडे लागतात, तीनच दिले किंवा क्रम हलला की कर्नलला भलतीच रॅम दिसते. न्यूमासाठी मेमरी आणि सीपीयू दोन्हींवर 'न्यूमा-नोड-आयडी' हवा.

डीटीएस फाइलवर (डिव्हाइस ट्रीच्या सोर्सवर) विश्वास ठेवू नका, कारण यू-बूटसारखा बूटलोडर जाता जाता मेमरी नोड बदलतो. चालू मशीनवर '/प्रॉक/डिव्हाइस-ट्री' ला 'डीटीसी' लावून कर्नलला खरंच काय मिळालं ते बघा. आणि यूईएफआयने बूट होत असेल तर ६४ बिट एआरएमवर रॅमच्या रेंज यूईएफआयच्या मॅपमधून घेतल्या जातात, मग 'रेग' कितीही बदललं तरी रॅम तेवढीच दिसणार. काहीच कळत नसेल तर बूट लाइनवर 'मेमब्लॉक=डीबग' आणि 'अर्लीकॉन' टाका, सीरियल कन्सोलवर सगळं दिसेल.

सराव कुठे करायचा

चालू सर्व्हरवर पहिला प्रयोग नको. क्यूएमयूमध्ये ४ जीबीचं व्हीएम घ्या, २-२ जीबीचे दोन मेमरी बॅकएंड बनवा आणि '-न्यूमा नोड' दोनदा देऊन एकेकाला जोडा, अंतरासाठी '-न्यूमा डिस्ट'. क्यूएमयू स्वतः स्रॅट बनवून देतं. मग पायरी ५ ची पद्धत वापरून ते टेबल मुद्दाम बिघडवा, एका नोंदीची लांबी २५६ एमबीने कमी करा आणि बूट लॉग बघा, मग दुसऱ्या वेळी एक रेंज दुसरीवर चढवा. दोन्ही एरर कशा दिसतात ते एकदा डोळ्यांखालून गेलं की खऱ्या मशीनवर ओळखायला वेळ लागत नाही. 'न्यूमा=फेक=४' ने सुद्धा खोटे नोड बनतात (न्यूमा_इम्यू ऑन असेल तर), पण ते टेबलची तपासणी शिकायला उपयोगाचं नाही, ते प्रोग्राम टेस्ट करायला.

झालं का ते कसं कळणार

'न्यूमासीटीएल --हार्डवेअर' मध्ये नोडची संख्या, प्रत्येकाची साइज, प्रत्येकाचे सीपीयू आणि खालचा अंतराचा तक्ता हे चारही बघा, नुसती संख्या बघून थांबू नका. '/सिस/डिव्हाइसेस/सिस्टिम/नोड' मधल्या 'हॅज_मेमरी' आणि 'हॅज_सीपीयू' या फाइलींत कुठल्या नोडकडे काय आहे ते एका ओळीत मिळतं. सगळ्या साइजची बेरीज एकूण रॅमच्या जवळपास यायला हवी.

मग एकदा खरं मोजा. मेमरी बँडविड्थ मोजणारा कुठलाही प्रोग्राम 'न्यूमासीटीएल --सीपीयूनोडबाइंड=० --मेमबाइंड=०' ने चालवा, मग तोच '--मेमबाइंड=१' ने. दुसऱ्या वेळी आकडा स्पष्ट कमी आला पाहिजे. दोन्ही सारखेच आले तर टेबलमध्ये नोड वेगळे लिहिलेत पण खाली रॅम अजून इंटरलीव्ह होतेय, परत बायोसमध्ये जाऊन पायरी २ बघा.